व्याख्या कोणी लिहिली?

(महिला संघटनांच्या आरोग्य अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला आज जो विषय दिला आहे त्याचं पूर्ण नाव कार्यक्रमपत्रिकेत छापलं असतं, तर निम्म्या जणी चहाला उठून गेल्या असत्या. म्हणून तिथे नुसतं 'प्रतिकारशक्ती आणि माहिती' एवढंच छापलं आहे. खरा विषय असा आहे: रोगप्रतिकारशास्त्रातलं ज्ञान संगणकाला समजेल अशा नेमक्या व्याख्यांमध्ये कसं बांधतात. या व्याख्यांच्या जाळ्याला 'ऑन्टॉलॉजी' म्हणतात. शब्द तत्त्वज्ञानातून उचललेला आहे, पण त्याला घाबरायचं कारण नाही. मी गेली काही वर्षं हेच काम करते. शोधनिबंध वाचायचे, कुणाच्या शरीरात, कुठल्या पेशीत, काय दिसलं ते त्यातून काढायचं, आणि ठरलेल्या संज्ञा वापरून सगळ्या जगाला खुल्या असलेल्या माहितीकोशात नोंदवायचं. अंगणवाडी सेविका रजिस्टरं भरते तसंच हे काम. आमचं रजिस्टर माणसाच्या आधी यंत्र वाचतं, एवढाच फरक. आणि अंगणवाडीसारखंच इथेही माझ्या पाहण्यातल्या बहुतेक जणी बायका आहेत, पुष्कळशा कंत्राटावर, प्रकल्प असेल तोवर. असो.

याचा आपल्या चळवळीशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. संबंध आहे तो व्याख्येचा. आणि व्याख्येचं राजकारण आपल्यापेक्षा जास्त कुणाला कळतं? जनगणनेच्या तक्त्यात नुसतं घरकाम करणारी बाई 'काम न करणारी' या रकान्यात जाते. पहाटे चारला उठून पाणी भरणारी, भाकऱ्या थापणारी, म्हाताऱ्यांचं करणारी बाई सरकारच्या लेखी काम करत नाही, कारण कामाची व्याख्याच तशी लिहिलेली आहे. १९९७ साली विशाखा खटल्याचा निकाल लागेपर्यंत कामाच्या ठिकाणी बाईला होणाऱ्या त्रासाला आपल्याकडे 'छेडछाड' म्हणत. लैंगिक छळ कशाला म्हणायचं हे त्या निकालानं लिहून दिलं, आणि मग तक्रार कुठे करायची, कुणाविरुद्ध करायची हे विचारता येऊ लागलं. त्रास आधीही होताच. पण नाव नव्हतं, म्हणून मोजता येत नव्हता.

शरीराच्या बाबतीतही असंच घडतं. ते कसं, हे सांगण्याआधी ऑन्टॉलॉजी म्हणजे काय ते घरातल्या उदाहरणानं पाहू.

इंग्रजीत आत्या, मावशी, काकू आणि मामी या चौघींना एकच शब्द. आपल्याकडे चौघी वेगळ्या, आणि प्रत्येकीचं नाव म्हणजे एक व्याख्या. आत्या म्हणजे बापाची बहीण. मामी म्हणजे आईच्या भावाची बायको. आता समजा, मी संगणकाला तीनच गोष्टी सांगितल्या: सुमन ही प्रकाशची बहीण, प्रकाश हा मीनाचा बाप, आणि बापाच्या बहिणीला आत्या म्हणायचं. सुमन मीनाची आत्या आहे, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. तरी संगणक ते स्वतः काढून देतो. आणि कुणी घाईघाईत प्रकाशलाच मीनाची आत्या म्हणून नोंदवलं, तर तो अडवतो, कारण आत्या ही बाई असते हेही आपण त्याला सांगून ठेवलेलं असतं. म्हणजे हा नुसता शब्दकोश नव्हे. शब्दांमधली नाती इथे इतकी स्पष्ट लिहिलेली असतात की यंत्राला त्यांच्यावरून तर्क करता येतो.

ग्रंथालयात पुस्तक एकाच फळीवर राहतं. इथे तसं नसतं. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची रीत आहे, तिथे मुलीची आत्याच तिची सासू होते. एक बाई, दोन नाती, दोन्ही खरी. ऑन्टॉलॉजीत तसंच एक पेशी दोन-तीन फांद्यांवर बसू शकते: ती कशापासून तयार झाली ही एक फांदी, ती काय करते ही दुसरी, ती कुठे सापडते ही तिसरी.

दोन नाती मात्र कधी मिसळायची नसतात. एक 'प्रकार आहे' आणि दुसरं 'भाग आहे'. लिंफोसाइट हा पांढऱ्या पेशीचा एक प्रकार आहे. केंद्रक हा पेशीचा भाग आहे. ही गल्लत झाली की पुढचा सगळा हिशोब चुकतो. गर्भपिशवी हा बाईच्या शरीराचा एक भाग आहे. कुटुंबनियोजनाची उद्दिष्टं ठरवणाऱ्यांनी वर्षानुवर्षं बाई हाच गर्भपिशवीचा एक प्रकार असल्यासारखे तक्ते भरले. संगणकानं तिथे चूक दाखवली असती!

जीवशास्त्राला हे सगळं का लागलं? १९९८ च्या सुमारास फळमाशी, यीस्ट आणि उंदीर यांच्या जनुकांचे तीन वेगवेगळे माहितीकोश होते. जनुकं पुष्कळशी सारखी, कामं सारखी, पण माशीवाल्यांचे शब्द वेगळे आणि उंदीरवाल्यांचे वेगळे. त्या तिघांनी एकत्र येऊन 'जीन ऑन्टॉलॉजी' सुरू केली. मायकेल अ‍ॅशबर्नर, मायकेल चेरी यांच्याबरोबर सुझाना लुइस आणि ज्युडिथ ब्लेक या दोघी त्यात पहिल्यापासून होत्या. २००० साली त्यांचा निबंध आला, आणि आज जनुकांवर काम करणारी जगातली क्वचितच एखादी प्रयोगशाळा असेल की जी या संज्ञांना हात लावत नाही.

रोगप्रतिकारशास्त्रात नावांचा गोंधळ तर विचारूच नका. तुमच्यापैकी ज्या एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांबरोबर काम करतात, त्यांना 'सीडी४' हा शब्द तोंडपाठ आहे. रिपोर्टमध्ये सीडी४ किती आहे हे पाहूनच आपण धीर द्यायचो. सीडी४ हा पेशीच्या पृष्ठभागावरचा एक रेणू. ज्या प्रयोगशाळेनं तो ओळखणारं प्रतिपिंड बनवलं तिनं त्याला आपलं नाव दिलं: कुणी टी४, कुणी ओकेटी४, कुणी ल्यू-३; उंदरात तर तो एल३टी४. रेणू एकच. शेवटी १९८२ साली पॅरिसला शास्त्रज्ञ एकत्र जमले आणि या रेणूंना सीडी अमुक, सीडी तमुक असे सामायिक क्रमांक द्यायचं ठरलं. मोठं काम झालं. पण क्रमांक म्हणजे व्याख्या नव्हे. सीडी४ हा रेणू मदतनीस टी पेशींवर असतो, तसा थोड्या प्रमाणात मोनोसाइट नावाच्या पेशींवरही असतो. तेव्हा 'सीडी४ पेशी' एवढंच म्हटलं तर यंत्राला काय समजायचं? २००५ साली जाहीर झालेल्या 'सेल ऑन्टॉलॉजी'त आणि नंतरच्या वर्षांत रक्तपेशींच्या तिथे झालेल्या नव्या मांडणीत याचं उत्तर असं दिलं: पेशी कुठल्या वंशातली, तिच्यावर कुठले रेणू आहेत, कुठले नाहीत, ती कुठे असते, काय करते, हे एकेक करून लिहा. आत्याची व्याख्या लिहिली तशी.

जीन ऑन्टॉलॉजीतला प्रतिकारशक्तीचा भागही असाच नव्यानं लिहावा लागला. २००५ मध्ये अमेरिकेतल्या रॉकव्हिल इथे त्यासाठी बैठक झाली. अलेक्झांडर डील, ज्युडिथ ब्लेक आणि इतरांनी त्या कामाचा निबंध २००७ साली प्रसिद्ध केला. त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याला शाळेपासून शिकवलं जातं की प्रतिकारशक्ती म्हणजे सैन्य. शत्रू, हल्ला, किल्ला, शहीद झालेल्या पेशी म्हणजे पू. एमिली मार्टिन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९९४ च्या आपल्या पुस्तकात अमेरिकी समाजातल्या या युद्धाच्या भाषेची चांगली झाडाझडती घेतली आहे. जीन ऑन्टॉलॉजीत मात्र सगळ्यात वरची संज्ञा 'प्रतिकार संस्थेच्या प्रक्रिया' अशी साधी आहे, आणि तिच्या व्याख्येत शरीराच्या आतल्या किंवा बाहेरच्या संभाव्य धोक्यांना मोजूनमापून दिलेल्या प्रतिसादाची भाषा आहे. मोजूनमापून! त्या छत्राखाली लढणंही आलं, घडणं-वाढणंही आलं आणि सहन करणंही आलं. सहिष्णुता हा शब्द रोगप्रतिकारशास्त्रात रीतसर वापरतात. आपल्या पेशी आपल्याच अवयवांना, आपल्या अन्नाला आणि गर्भाला कसं सामावून घेतात, त्याचा हा अभ्यास.

गर्भाशी आलेच आहे तर आता तिथे थोडं थांबू, कारण माझ्या दृष्टीनं आजच्या विषयाचं मर्म तिथे आहे.

१९५३ साली पीटर मेडावर यांनी प्रश्न विचारला: गर्भात निम्मा वारसा बापाचा. म्हणजे आईच्या शरीराला तो अर्धा परका. दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलं तर शरीर ते नाकारतं, मग गर्भ का नाकारत नाही? प्रश्न मोठा सुपीक ठरला. पण त्यानं एक चित्रही डोक्यात बसवलं: आईचं शरीर म्हणजे मुळात मारायला टपलेलं, आणि गर्भ कसाबसा वाचलेला.

आता गर्भपिशवीच्या अस्तरात गरोदरपणी एका जातीच्या पेशी खूप वाढतात. १९५० च्या दशकात जर्मन शास्त्रज्ञांना त्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. पोटात दाणे दिसतात म्हणून त्यांना 'दाणेदार पेशी' अशा अर्थाचं जर्मन नाव मिळालं. माणसावर काम करणारे इतर लोक त्यांना दुसरंच काही म्हणत, उंदीर-घुशींवर काम करणारे तिसरं. ही सगळी एकाच कुळातली मंडळी आहेत, आणि रक्तातल्या 'नॅचरल किलर' म्हणजे एनके पेशींशी त्यांचं नातं आहे, हे पुढे १९८० च्या दशकात आणि त्यानंतर स्पष्ट होत गेलं. तोवर एका नावानं शोधणाऱ्याला दुसऱ्या नावाखालचे निबंध सापडण्याची शक्यताच नव्हती. ऑन्टॉलॉजीचा पहिला साधा उपयोग हाच, की जुनी नावं समानार्थी म्हणून एका संज्ञेला बांधून ठेवायची.

पण नातं सापडलं आणि त्याबरोबर 'किलर' हे आडनावही या पेशींना चिकटलं. रक्तात फिरणाऱ्या बहुतेक एनके पेशींवर सीडी५६ हा रेणू थोडा असतो आणि सीडी१६ असतो. गर्भपिशवीतल्या एनके पेशींवर सीडी५६ भरपूर असतो आणि सीडी१६ नसतो. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत तिथल्या अस्तरातल्या पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के याच असतात. आणि त्या करतात काय? गर्भपिशवीतल्या रक्तवाहिन्या रुंद होऊन वारेला पुरेसं रक्त मिळावं, या कामात त्यांचा हातभार असतो. मारण्याचं काम त्यांच्याकडे जवळजवळ नाहीच. सेल ऑन्टॉलॉजीत या पेशीला स्वतंत्र नोंद आहे. गर्भपिशवीच्या अस्तरात असते, सीडी५६ जास्त, सीडी१६ नाही, पहिल्या तिमाहीत तिथली सर्वांत जास्त संख्येची प्रतिकारपेशी, असं सगळं तिथे व्याख्येतच लिहिलेलं आहे. रक्तातली एनके आणि ही एनके, एका आडनावाच्या दोन वेगळ्या बायका.

आता हे फक्त माझ्यासारख्या नोंदणीवाल्यांच्या टेबलापुरतं असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता. आमच्या मदत केंद्रात एक बाई आली होती. तीन वेळा गर्भ पडलेला. हातात जाडजूड फाइल. एका खासगी क्लिनिकनं हाताच्या शिरेतून रक्त घेऊन तपासणी केली होती आणि रिपोर्टवर लिहिलं होतं की एनके पेशी वाढलेल्या आहेत. तिला समजावलं गेलं की तुमच्या मारक पेशी बाळाला मारतात. मग महागडी सलाइनं, स्टेरॉइडं, आणि नवऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या सुया. दागिने गेले. पण त्याहून वाईट म्हणजे घरी सासू म्हणायला लागली, "हिचं रक्तच पोरांना खातंय." विज्ञानाच्या दोन अक्षरांनी त्या बाईला चेटकीण करून ठेवलं.

मी तिच्याशी काय बोलले ते थोडक्यात सांगते. हाताच्या शिरेतल्या एनके पेशी मोजून गर्भपिशवीतल्या एनके पेशींबद्दल काही कळत नाही, कारण त्या वेगळ्या आहेत. केंब्रिजच्या अ‍ॅश्ली मॉफेट, ज्यांनी या पेशींवर आयुष्य घालवलं, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ सालीच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या तपासण्यांवर आणि त्यांच्यावर आधारलेल्या उपचारांवर जाहीर टीका केली. नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी टोचण्याचा उपाय १९९९ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या चाचणीत तपासला गेला. ज्यांना त्या सुया दिल्या त्यांच्यात ३६ टक्के बायकांची गर्भधारणा यशस्वी झाली, आणि ज्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचलं त्यांच्यात ४८ टक्के. म्हणजे फायदा नाहीच. २००२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मान्यताप्राप्त चाचणीबाहेर हा उपचार देता येणार नाही असं कळवलं. युरोपातल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनाही तो वापरू नका असंच सांगतात. आपल्या शहरांत तो अजून विकला जातो.

ऑन्टॉलॉजी असती तर हे टळलं असतं का? नाही, एवढी भाबडी मी नाही. ऑन्टॉलॉजी आहेच, खुली आहे, फुकट आहे, तरी धंदा चालू आहे. पण त्या बाईच्या रिपोर्टवरच्या दोन अक्षरांसमोर 'कुठली एनके? कुठून घेतलेली?' असा प्रश्न ठेवता येतो, आणि त्या प्रश्नाचं उत्तर कुणा एका डॉक्टरच्या मर्जीवर नाही. ते लिहिलेलं आहे आणि कुणालाही वाचता येतं. तिनं तो प्रश्न पुढच्या वेळी विचारला. डॉक्टर चिडले. ते चिडले हे मला फार बरं वाटलं, हे इथे कबूल करते.

आता दुसरं उदाहरण, आणि हे आपल्या चळवळीतल्या जुन्या जणींना आठवत असेल. दिल्लीच्या राष्ट्रीय रोगप्रतिकारशास्त्र संस्थेत डॉ. जी. पी. तलवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भधारणा रोखणारी 'लस' तयार केली. गरोदरपणात तयार होणारं एचसीजी हे संप्रेरक बाईच्या शरीरानंच निकामी करावं, म्हणून ते धनुर्वात किंवा घटसर्पाच्या निर्विष केलेल्या विषाला जोडून टोचायचं. १९९४ साली त्याच्या चाचणीचा निबंध आला: १४८ बायका, त्यांतल्या ११९ जणींमध्ये प्रतिपिंडं पुरेशा पातळीला पोचली, आणि पातळी टिकलेल्या १२२४ पाळीचक्रांत एकच गर्भधारणा. शास्त्र म्हणून कामगिरी मोठी. निबंधाच्या मथळ्यातच म्हटलं होतं की बायकांमध्ये गर्भधारणा रोखणारी लस.

१९९० च्या दशकात दिल्लीच्या सहेलीपासून जगभरच्या संघटनांनी या संशोधनाला विरोध केला. प्रतिसाद बाईगणिक वेगळा, एकदा सुरू झालेला प्रतिसाद मनात आलं म्हणून थांबवता येत नाही, बाईच्या नकळत धनुर्वाताच्या सुईसारखी टोचता येण्याजोगी गोष्ट, ही कारणं होतीच. पण आणखी एक आक्षेप नावाला होता. कार्यकर्त्या 'लस' हा शब्द अवतरणचिन्हात लिहीत आणि त्याऐवजी 'प्रतिकारशक्तीवर आधारित गर्भनिरोधक' म्हणा असा आग्रह धरत. गरोदरपण हा काय देवी किंवा पोलिओसारखा आजार आहे? लस म्हटलं की सगळ्यांना द्यायची, मोहीम काढून द्यायची, नको म्हणणारी अडाणी, हे सगळं ओघानं येतं. त्या वेळी पुष्कळ शास्त्रज्ञांना हा शब्दांचा कीस वाटला.

पुढे मिशिगन विद्यापीठातून 'व्हॅक्सीन ऑन्टॉलॉजी' सुरू झाली. तिथे लस या संज्ञेची व्याख्या करावीच लागली. ती साधारण अशी: प्रक्रिया करून तयार केलेला असा पदार्थ, जो दिला असता त्यातल्या प्रतिजनांविरुद्ध प्रतिकाराचा प्रतिसाद जागवून किंवा बदलून शरीरातला एखादा विकार टाळतो किंवा सौम्य करतो. विकार! ही व्याख्या अक्षरशः घेतली तर यंत्र पहिला प्रश्न विचारणार: कुठला विकार? आणि गर्भधारणा हे उत्तर द्यायचं असेल, तर आधी गर्भधारणेला विकारांच्या फांदीवर नेऊन बसवावं लागेल, उघडपणे, सगळ्यांसमोर, नावनिशीवार. हे व्याख्या लिहिणाऱ्यांच्या मनात होतं असं मला म्हणायचं नाही. पण सहेलीच्या बायका जे पत्रकांतून विचारत होत्या, तोच प्रश्न तर्काच्या नियमानं इथे उभा राहतो. शब्दांचा कीस पाडणं हे शास्त्राचंच काम आहे, आणि ते आपण आधी केलं.

तिसरी गोष्ट रिकाम्या रकान्यांची. माझ्या कामात सगळ्यात जास्त वेळा मी काय भरते माहीत आहे? 'नमूद नाही.' प्रयोगातले उंदीर नर होते की मादी, नमूद नाही. रक्त दिलेली माणसं बायका होत्या की पुरुष, पाळी कुठल्या टप्प्यात होती, गरोदर होत्या का, नमूद नाही. २०११ साली अ‍ॅनालीझ बिअरी आणि अर्व्हिंग झुकर यांनी दहा जैवविज्ञान शाखांतले शोधनिबंध तपासले, तेव्हा प्राण्यांचं लिंग न सांगण्यात रोगप्रतिकारशास्त्र पुढे होतं. ज्या शास्त्राचे पुष्कळसे आजार बायकांचेच, त्या शास्त्रात! ल्युपसच्या दहा रुग्णांत साधारण नऊ बायका असतात. बायकांच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात आणि त्यांतलं एक गप्प करावं लागतं. ते गप्प करणारा एक्झिस्ट नावाचा रेणूच या स्वप्रतिकार आजारांना हातभार लावत असावा, असं दाखवणारं संशोधन २०२४ साली प्रसिद्ध झालं. हा प्रश्न इतक्या उशिरा का? अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी अनुदान मागताना लिंगाचा विचार सांगायची अट २०१६ पासून घातली, तेव्हापासून माझे 'नमूद नाही' थोडे कमी झाले आहेत.

ऑन्टॉलॉजीच्या तर्कात एक नियम असतो, तो मला फार आवडतो: नोंद नाही म्हणजे ती गोष्ट नाही, असं समजायचं नाही. नोंद नाही, एवढंच. माणसं हा नियम पाळत नाहीत. कोविडच्या लशीचं घ्या. २०२१ च्या एप्रिलमध्ये पाळीच्या आधी आणि नंतर पाच दिवस लस घेऊ नका अशी अफवा आपल्या मोबाइलांवर फिरली, आणि सरकारनं ती खोटी असल्याचं सांगितलं. ते बरोबरच होतं. पण त्याच वर्षी जगभरच्या बायका सांगू लागल्या की लस घेतल्यावर पाळी लांबली, अंगावर जास्त गेलं. त्यांना भ्रम म्हणून उडवून लावलं गेलं. मोठ्या चाचण्यांत पाळीची माहिती गोळाच केली नव्हती, म्हणून 'असं काही आढळलं नाही' हे वाक्य बिनधोक म्हणता येत होतं. मग अभ्यास झाले. पाळी सरासरी एका दिवसाहून कमी लांबते आणि पुन्हा जाग्यावर येते, असं २०२२ मध्ये दिसलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युरोपच्या औषध संस्थेच्या समितीनं दोन एमआरएनए लशींच्या माहितीपत्रकात जास्त रक्तस्रावाची नोंद घालायला सांगितलं. घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण पहिल्याच फॉर्मवर एक रकाना असता, तर अफवेला जागा राहिली नसती.

आता थोडं आपल्या हातात काय आहे ते. यातल्या बऱ्याच ऑन्टॉलॉजी खुल्या आहेत. नवी संज्ञा हवी असेल, व्याख्या खटकत असेल, तर कुणालाही रीतसर लिहून मागता येतं. चर्चा उघड होते, कुणी काय म्हटलं आणि कधी बदललं याची नोंद राहते. जनगणनेच्या रकान्याशी भांडायला आपल्याला किती मोर्चे काढावे लागले ते आठवा, म्हणजे याची किंमत कळेल. अर्थात खुलं म्हणजे सगळ्यांना सारखं खुलं नाही. चर्चा इंग्रजीत होते, वेळ लागतो, आणि अमेरिका-युरोपातल्या निधीवर ही कामं चालतात. आपल्याकडेही काम होतं. परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेनं पीसीओएससाठी जनुकं, संबंधित आजार आणि ऑन्टॉलॉजीतल्या संज्ञा एकत्र बांधलेला माहितीकोश केला आहे. मुंबईत बसून बायकांच्या एका आजाराचं शास्त्र असं मांडता येतं, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं.

आणि भाषेचं. आजारांच्या लक्षणांची एक मोठी ऑन्टॉलॉजी आहे, तिच्यात २०१८ मध्ये डॉक्टरी शब्दांना साधे, लोकांच्या तोंडचे शब्द जोडले गेले, म्हणजे रुग्णानं स्वतः सांगितलेलंही यंत्राला कळावं. तेही इंग्रजीतले. आपल्या केंद्रात येणारी बाई काय म्हणते? सकाळी बोटं आखडतात, मूठ वळत नाही. केस पुंजक्यानं येतात. उन्हात गेलं की गाल भाजल्यासारखे होतात. तिघी तीन दिवशी येऊन हे सांगतात आणि आपण 'अशक्तपणा' लिहून मोकळ्या होतो. एकाच बाईच्या तोंडी ही तिन्ही वाक्यं आली, तर ल्युपसची शंका घेऊन तिला तज्ज्ञाकडे पाठवायला हवं. आपण एक शब्द लिहिला की तिन्ही वाक्यं गेली.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. केंद्राच्या रजिस्टरात एक रकाना वाढवा: बाईचे स्वतःचे शब्द, जसेच्या तसे, मालवणी असो, अहिराणी असो, वऱ्हाडी असो. त्याच्या शेजारी डॉक्टरांचा शब्द. आणि तपासणीचा रिपोर्ट असेल तर नमुना कशाचा होता आणि कुठून घेतला तेही. नाव-गाव या यादीत नको, ते वेगळं आणि कुलपात. दुपारच्या सत्रात ज्यांनी रजिस्टरं आणली आहेत त्यांनी माझ्याकडे बसा. 'कंबर भरून येणे' आणि 'कंबर धरणे' या एकच गोष्टी की दोन, यावर सकाळी नाश्त्याला दोघींचं भांडण झालंच आहे, तिथूनच सुरुवात करू.